एथिक्स कमिटीने साधा सर्व्हे फुल बोर्डात टाकलाय, हे लोक नक्की बघतात तरी काय?

परळ_टू_पीएचडी:
नमस्कार मंडळी, थोडं मोठं लिहितेय, चहा घेऊन बसा. मुंबईतल्या एका युनिव्हर्सिटीत सोशल वर्कमध्ये पीएचडी करतेय. आरआरसी, म्हणजे विषय तपासणारी युनिव्हर्सिटीची समिती, झाली, टॉपिक मंजूर झाला, गाईड खूश, आणि आता सगळं अडकलंय एथिक्स कमिटीत, म्हणजे संशोधनात भाग घेणाऱ्यांना त्रास होणार नाही ना ते तपासणाऱ्या समितीत. टॉपिक आहे सफाई कामगारांमधलं दारूचं व्यसन आणि मानसिक आरोग्य. यात औषध नाही, रक्त काढणं नाही, कुणाला सुई टोचायची नाही. दोन प्रश्नावल्या आहेत, एक ऑडिट म्हणजे डब्ल्यूएचओची दारूबद्दलची १० प्रश्नांची, दुसरी पीएचक्यू-९, डिप्रेशनची, आणि त्याआधी एक पान नाव, वय, जात, कायम की कंत्राटी, पगार, कर्ज असं. मग काही जणांच्या सविस्तर मुलाखती, रेकॉर्ड करून. गाईड म्हणाले होते मिनिमल रिस्क आहे, एक्सपिडायटेडमध्ये, म्हणजे मोजक्या सदस्यांकडूनच, निघून जाईल. कमिटीने फुल बोर्डात, म्हणजे सगळ्या सदस्यांपुढे, टाकलं, मला प्रेझेंटेशनला बोलावलं, आणि आता पत्र आलंय की सुधारणा करून पुन्हा सादर करा.

पत्रातले प्रश्न ऐका. सकाळच्या हजेरीनंतर मुकादम कामगारांना चौकीवर, म्हणजे खात्याच्या हजेरीच्या जागी, थांबवणार असं लिहिलंय, तर मुकादमच का? नाव कशाला हवं? जात कशाला हवी? पीएचक्यूच्या नवव्या प्रश्नाला कुणी हो म्हणालं तर त्याच दिवशी तुम्ही काय करणार? वाचता न येणाऱ्यांच्या वेळी साक्षीदार कोण? रेकॉर्डिंग कुठे राहणार, कोण ऐकणार, कधी पुसणार? खात्याच्या परवानगीचं पत्र जोडलंय, पण ती कामगारांची संमती नव्हे हे समजलंय का? शेवटचं वाचून डोकंच फिरलं, कारण ते परवानगीचं पत्र मिळवायला मी किती चकरा मारल्यात ते माझं मला माहीत.

तर प्रश्न असा की हे लोक ठरवतात कसं? कशाला फुल बोर्ड, कशाला एक्सपिडायटेड, आत काय चर्चा होते, आणि साध्या प्रश्नावलीला एवढं सगळं खरंच लागतं का? फेलोशिपचं घड्याळ चालू आहे हो. कुणी कमिटीवर असेल तर प्लीज लिहा.

चर्नीरोड_स्लो:
सगळीकडे हेच. मनावर घेऊ नको. आमच्या ओळखीत लोक डेटा आधी गोळा करतात, अप्रूव्हल मागून येतं, थिसिसमध्ये तारखा ऍडजस्ट. तू पण फील्ड सुरू कर, कमिटीचं बघू नंतर.

मिनिट्स_लिहिणारा:
वरच्या सल्ल्यावर आधी बोलतो, मग बाकीचं. असं अजिबात करू नका. काम सुरू झाल्यावर मागल्या तारखेचं अप्रूव्हल द्यायचं नाही हा आमच्याकडे सगळ्यात पक्का नियम आहे, आणि पेपर पाठवताना बरीचशी जर्नल्स कमिटीचं नाव आणि मंजुरीचा नंबर मागतात. तो नंबर आणि डेटाच्या तारखा जुळल्या नाहीत की सगळी मेहनत पाण्यात.

आता मूळ प्रश्न. मी मुंबईतल्या एका मेडिकल कॉलेजच्या कमिटीचा मेंबर सेक्रेटरी आहे, म्हणजे पत्रं लिहिणारा, शिव्या खाणारा आणि मीटिंगला बिस्किटं आली का ते बघणारा माणूस. आपल्याकडे याचा आधार म्हणजे आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं. शिवाय २०१९च्या न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्सपासून बायोमेडिकल आणि हेल्थ रिसर्च बघणाऱ्या कमिट्यांना डिपार्टमेंट ऑफ हेल्थ रिसर्चकडे नोंदणी करावी लागते. तुमचा विषय मानसिक आरोग्याचा, म्हणजे सोशल वर्कमध्ये असलात तरी हेल्थ रिसर्चच झाला. कमिटीत ७ ते १५ माणसं असतात, निम्मी तरी संस्थेबाहेरची, चेअरपर्सन तर बाहेरचाच. डॉक्टर, कायदेवाला, समाजशास्त्र किंवा एथिक्सवाला आणि एक लेपर्सन, म्हणजे रिसर्चशी काही संबंध नसलेला माणूस. निदान पाच जण हजर नसतील तर कोरम नाही, आणि त्यात सगळे डॉक्टरच असले तरी चालत नाही. तुमचे गाईड कमिटीवर असतील तर तुमच्या प्रपोजलच्या वेळी ते उठून बाहेर जातात, तसं मिनिट्समध्ये लिहिलं जातं.

अर्ज आला की आधी ऑफिसात कागद तपासतात, मग रिस्क कुठली ते बघतात. ढोबळ चार पायऱ्या आहेत, मिनिमलपेक्षाही कमी, मिनिमल, त्याहून थोडी जास्त, आणि मग हाय रिस्क. कमीतकमी रिस्कवाली कामं, उदाहरणार्थ सगळ्यांना खुली असलेली आकडेवारी वापरणं, रिव्ह्यूमधून वगळता येतात. पण माझं काम वगळण्यासारखं आहे हे रिसर्चरने स्वतः ठरवायचं नसतं, ते सुद्धा कमिटीच ठरवते. एक्सपिडायटेड म्हणजे सगळ्या बोर्डाऐवजी मोजके सदस्य बघतात, बाकी प्रश्न तेच. लोकांना वाटतं एक्सपिडायटेड म्हणजे तत्काळ कोटा. तसं नाही हो.

तुमचं फुल बोर्डात गेलं ते प्रश्नावलीमुळे नाही, प्रश्न कुणाला आणि कुठे विचारणार त्यामुळे गेलं. रिस्क म्हणजे फक्त सुई नसते. नोकरी जाणं, बदनामी, घरी भांडण, पोलिस, ही सगळी रिस्कच. तीच ऑडिट प्रश्नावली एखाद्या कंपनीतल्या मॅनेजर लोकांना नाव न विचारता दिली असती तर कदाचित दोन सदस्यांनी पास केली असती. इथे माणूस कंत्राटी आहे, समोर मुकादम उभा आहे, आणि तुम्ही त्याला विचारताय की गेल्या वर्षात पिण्यामुळे कामं राहून गेली असं किती वेळा झालं. तो काय सांगणार, आणि सांगितलंच तर ते कुणाच्या कानावर जाणार? आयसीएमआरच्या तत्त्वांत वंचित गट आणि वरिष्ठाच्या हाताखालचे कर्मचारी दोघंही व्हल्नरेबल, म्हणजे सहज दबावाखाली येणारे, धरलेत. तुमच्याकडे दोन्ही एकाच वेळी आलेत.

आतल्या चर्चेचं म्हणाल तर दोन सदस्य प्रपोजल पूर्ण वाचून येतात, बाकीच्यांनी वाचलेलं असावं अशी अपेक्षा असते (हसू नका). तुम्ही बोलून बाहेर गेलात की चर्चा, शक्यतो एकमत, नाहीच झालं तर मतदान. मंजूर, किरकोळ बदल, मोठे बदल करून पुन्हा, किंवा नामंजूर. तुम्हाला तिसरं मिळालेलं दिसतंय. दुखतं, माहीत आहे, पण नामंजूरपासून ते बरंच लांब आहे.

रिजेक्टेड_पण_जिवंत:
साहेबांनी छान लिहिलंय पण दुसरी बाजू पण येऊ द्या. मी समाजशास्त्रवाला, वस्त्यांमध्ये काम करतो. हे सगळे फॉर्म औषधांच्या ट्रायलसाठी बनलेत आणि आमच्या गळ्यात घातलेत. मला एकदा विचारलं होतं की तुमच्या अभ्यासात सिरियस ॲडव्हर्स इव्हेंट, म्हणजे कुणाला गंभीर अपाय, झाला तर स्पॉन्सरला किती तासांत कळवाल. अरे, स्पॉन्सर म्हणजे माझी बायको, तिला लगेच कळतं. बरं, आपल्या मुंबईतच सेहत (CEHAT) या संशोधन संस्थेच्या पुढाकाराने २००० साली आरोग्यातल्या सामाजिक संशोधनासाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं तयार झाली होती, म्हणजे हा प्रश्न लोकांना तेव्हाच दिसला होता. पण कमिटीत बघावं तर बहुमत डॉक्टरांचं आणि टेम्प्लेट फार्मा कंपनीचं.

दुसरं, हा जाच फक्त स्टुडंटला. फेसबुकने २०१२ मध्ये जवळपास ६ लाख ९० हजार लोकांच्या न्यूजफीडमध्ये ढवळाढवळ केली, लोकांचा मूड बदलतो का ते बघायला, एकालाही वेगळं विचारलं नाही, आणि २०१४ मध्ये तो पेपर पीएनएएस या अमेरिकन जर्नलमध्ये छापूनसुद्धा आला. जर्नलने नंतर चिंता व्यक्त करणारी एक टीप लावली, संपलं. आणि ही मुलगी चौकीवर जाऊन दहा प्रश्न विचारतेय तर हिला फुल बोर्ड.

तिसरं म्हणजे सहीचा हट्ट. कंत्राटी माणसाला कागदावर सही कर म्हटलं की तो हादरतो, कारण त्याच्याकडून आजवर जिथे जिथे सही घेतली तिथे त्याचं काहीतरी गेलंच आहे. कमिटी म्हणते सही त्याच्या संरक्षणासाठी. त्याला वाटतं सहीमुळेच तो पकडला जाईल. कोण बरोबर?

मिनिट्स_लिहिणारा:
सहीबाबत तो बरोबर. आणि त्यावर वाट आहे. सही हाच धोका असेल किंवा लोक सही करायला कचरत असतील तर तोंडी संमती मागता येते, रिसर्चरने ती नोंदवायची, साक्षीदार ठेवायचा. मात्र हे प्रपोजलमध्ये कारणासकट आधी लिहायचं, फील्डवर जाऊन मनानं करायचं नाही. लोक मागतच नाहीत, टेम्प्लेट डाउनलोड करून जोडतात आणि मग कमिटीला नावं ठेवतात.

फेसबुकचं मान्य. टेम्प्लेटचं अर्धं मान्य. बायकोचं पूर्ण मान्य.

शनिवारचा_लेपर्सन:
मी त्या कमिटीतला "लेपर्सन" नावाचा प्राणी. विमा कंपनीतून रिटायर झालो, ठाण्याला राहतो, एका हॉस्पिटलच्या कमिटीवर आहे. पहिल्या मीटिंगला वाटलं आपलं इथे काय काम, सगळे पी व्हॅल्यू आणि सॅम्पल साइज बोलतायत. मग चेअरपर्सन बाई म्हणाल्या, तुम्ही फक्त माहितीपत्रक वाचा आणि तुमच्या वहिनींना हा कागद कुणी दिला असता तर काय वाटलं असतं ते सांगा. तेव्हापासून मी तेवढंच करतो आणि तेवढ्यावर माझं बरं चाललंय.

परळताई, तुझ्या प्रपोजलबद्दल मला जे टोचलं ते तुझ्या कमिटीने विचारलेलं दिसत नाही, म्हणून लिहितो. माहितीपत्रकाची एक प्रत त्या माणसाकडे राहते ना? ती त्याच्या शर्टाच्या खिशातून घरी जाते. घरी बायको धुताना काढते, पोरगा वाचतो. आणि वर मथळा काय तर सफाई कामगारांमधलं दारूचं व्यसन. म्हणजे तो पीत नसला तरी त्या कागदाने त्याला पिणारा ठरवलं की नाही? थिसिसचं नाव तुला काय हवं ते ठेव, पण त्याच्या हातात द्यायच्या कागदावर कामगारांचं आरोग्य आणि सवयी असं काहीतरी लिही, आणि दारूचे प्रश्न विचारणार आहे हे आत स्पष्ट सांग. लपवायचं नाही हं, फक्त त्याच्या कपाळावर चिकटवायचं नाही.

आणि लाड-पागे समितीचं लक्षात ठेव. कायम कामगाराच्या घरात त्या शिफारशींमुळे वारसाला नोकरी मिळायची आशा असते, सगळं घर त्या एका नोकरीकडे डोळे लावून असतं. तो माणूस तुझ्याशी बोलताना मनात हाच हिशोब करत असणार की माझ्या बोलण्याने पोराची नोकरी तर जाणार नाही ना. तुझ्या कागदात त्याला थेट उत्तर हवं, तुझं बोलणं खात्याला कळणार नाही, का कळणार नाही, आणि शंका आली तर फोन कुणाला करायचा. फोन नंबर तुझा एकटीचा नको, कमिटीचा पण टाक. तक्रार तुझ्याबद्दलच असली तर?

परळ_टू_पीएचडी:
काका, हे शर्टाच्या खिशाचं भारी आहे, माझ्या डिपार्टमेंटमध्ये कुणीच बोललं नाही. मथळा बदलते.

पण मुकादमाचं मला अजून पटत नाहीये. चौकीवर दुसरं कोण सगळ्यांना एकत्र आणणार? मला तिथे कुणी ओळखत नाही. हजेरी झाली की लोक आपापल्या बीटवर, म्हणजे नेमून दिलेल्या भागात, पांगतात, काम संपलं की घरी पळतात, कंत्राटी तर दुसरं काम पण करतात. मुकादम म्हणाले मॅडम तुम्ही काळजी करू नका, मी सगळे उभे करतो. आणि माणूस चांगला आहे हो, चहा पाजला. आणि जात का नको? सफाईचं काम आणि जात यांचा संबंध न लिहिता थिसिस लिहायचा म्हणजे निम्मं सत्य गाळायचं.

मिनिट्स_लिहिणारा:
मुकादम चांगला असण्याचा इथे काही संबंध नाही. कुणाला कुठलं बीट, कुणाची दांडी मांडायची, कुणाची दुर्लक्षायची हे त्याच्या हातात. "मी सगळे उभे करतो" यातच उत्तर आहे, त्याने उभं केलं तर नाही कोण म्हणणार?

खात्याचं पत्र लागतं, त्याशिवाय तुम्ही चौकीच्या आत पाय ठेवू शकत नाही. पण ती दाराची परवानगी झाली. आत बसलेल्या प्रत्येकाने स्वतंत्रपणे हो म्हणायचं असतं, आणि नाही म्हटलं तर ते कुणाला कळता कामा नये. हे नुसतं पुस्तकी नाही. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातमध्ये वडोदऱ्याला मुलींना एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धची, लस देण्याचा एक प्रकल्प झाला होता. त्यात आश्रमशाळा आणि वसतिगृहांतल्या बऱ्याच मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वॉर्डन आणि हेडमास्तरांच्या सह्या निघाल्या. काही मुलींच्या मृत्यूनंतर बोभाटा झाला, २०१० मध्ये प्रकल्प थांबवला. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध दिसला नाही, पण संमतीच्या कागदांचं वाभाडं निघालंच, आणि २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कडक अहवाल दिला. त्या वॉर्डन बायका दुष्ट होत्या असं कुणी म्हणत नाही. त्यांना वाटलं मुली आपल्या, सही आपण केली तर काय बिघडलं. तुमचा मुकादम त्याच जागी उभा आहे.

वाट काय? हजेरीच्या वेळी पाच मिनिटं तुम्ही स्वतः सगळ्यांसमोर बोला, चिठ्ठी वाटा, नंबर द्या आणि निघून या. ज्याला बोलायचंय तो फोन करेल. मुलाखत चौकीवर नको, वस्तीतलं समाजमंदिर, तुमच्या युनिव्हर्सिटीची खोली, कुठेही. युनियनकडून जायचा विचार येईलच, पण युनियनचा पदाधिकारी हाही एक मुकादमच असतो हे ध्यानात ठेवा. साक्षीदार म्हणून मुकादम तर नाहीच नाही. वाचता न येणाऱ्यासाठी जो साक्षीदार लागतो तो निःपक्ष हवा, त्या माणसानेच आपला कुणी शेजारी किंवा नातेवाईक आणला तर उत्तम. लोक कमी येतील, वेळ जाईल, हे कबूल. पण मुकादमाने उभ्या केलेल्या रांगेतून ऑडिटचे स्कोअर आले तर सगळे शून्य आणि एकच येतील, मग त्याचं काय लोणचं घालणार?

जातीचं वेगळं. कमिटीने "नको" म्हटलेलं नाही, "कशाला" विचारलंय. तुम्ही आता इथे लिहिलेली दोन वाक्यं तिथे लिहा की. नाव मात्र खरंच काढा. कोड नंबर द्या, कोड आणि फोन नंबर जोडणारी यादी वेगळ्या ठिकाणी, कुलपात. आणि खात्याला अहवाल द्यायचा असेल तर चौकीवार आकडे देऊ नका. एखाद्या चौकीत बायकाच तीन असतात, "महिला, कंत्राटी, वय चाळीसच्या पुढे" एवढं लिहिलं की नाव लिहिल्यासारखंच झालं.

रिजेक्टेड_पण_जिवंत:
जातीच्या मुद्द्यावर मी एक पाऊल पुढे जातो. कमिट्यांना हल्ली समाजाची बदनामी होईल ही भीती दाखवून विषयच बोथट करायची सवय लागलीय. उद्या पेपरात सफाई कामगार पितात अशी हेडलाइन येईल म्हणून अभ्यासच नको? मॅनहोलच्या कडेला उभं राहून काम करणारा माणूस वास सहन व्हावा म्हणून पितो हे कुणी लिहायचं मग?

शनिवारचा_लेपर्सन:
लिहायचं की. पण मग प्रश्नावलीत वासाबद्दल, हातमोजे मिळतात का, आंघोळीला पाणी मिळतं का याबद्दल पण विचार. ताईंच्या यादीत दारू आहे, डिप्रेशन आहे, कर्ज आहे, काम कसं आहे याचा एक प्रश्न मला दिसला नाही. मग हेडलाइन तीच येणार.

रिजेक्टेड_पण_जिवंत:
काका, पॉइंट आहे. तरी हे ठरवणं कमिटीचं काम नाही, गाईडचं आहे, एवढं म्हणून मी थांबतो.

मिनिट्स_लिहिणारा:
थोडं कमिटीचंही आहे. ज्या अभ्यासाच्या आराखड्यातूनच चुकीचं उत्तर निघणार त्यासाठी लोकांचा वेळ घेणं आम्हाला चालत नाही. रेघ कुठे मारायची यावर मात्र आमच्याकडे पण दर मीटिंगला वाद होतात, तुमच्या बाजूचे दोन मेंबर आहेत.

नववीब_वर्गशिक्षक:
थ्रेड हायजॅक करतोय, सॉरी. एमएडला आहे, शाळेतल्या नववीच्या मुलांवर मोबाईलचा अभ्यास करायचाय. हेडमास्तरांची परवानगी आहे. तेवढ्यावर होईल ना?

मिनिट्स_लिहिणारा:
नाही सर, तुम्ही वरचं वाचलंच नाही. पालकांची संमती आणि मुलांची स्वतःची असेंट, म्हणजे मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही. सात ते अकरा वर्षांपर्यंत तोंडी, बारापासून अठरापर्यंत लेखी. तुम्ही त्याच वर्गाचे शिक्षक असाल तर फॉर्म दुसऱ्या कुणीतरी वाटावा, मार्कांच्या भीतीने कुणी नाही म्हणणार नाही. आणि अजून एक, मोबाईलच्या गप्पांतून एखादं मूल लैंगिक छळाबद्दल बोललं तर पॉक्सोखाली कळवणं तुम्हाला बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा. तेव्हा "तू सांगशील ते कुणालाही कळणार नाही" असं वाक्य माहितीपत्रकात लिहू नका. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर बोलू.

ओपीडी_नंबर_सात:
सायकियाट्रिक सोशल वर्कर आहे, म्युनिसिपल हॉस्पिटलात. नवव्या प्रश्नाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते, माझ्या मते सगळ्या पत्रातला तोच खरा प्रश्न आहे.

पीएचक्यूचा नववा प्रश्न म्हणजे गेल्या दोन आठवड्यांत मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार आले का. उत्तर शून्य ते तीन. आता तू पन्नास फॉर्म भरून घरी नेलेस, रविवारी एक्सेलमध्ये टाकताना दिसलं की एकाने तीन टाकलाय, आणि तो सोमवारी भेटला होता. मधले दिवस कुणाचे? तेव्हा फॉर्म समोर बसून भरून घे, आणि माणूस उठायच्या आत नववा बघ. शून्याच्या वर काहीही असेल तर तिथेच थांबून विचार, आत्ता पण येतात का, काही ठरवलंय का, घरी कोण आहे. हे विचारायला एखाद्या प्रशिक्षित माणसाकडून आधी शिकून घे, गाईडना सांग. प्रश्न विचारल्याने विचार डोक्यात येतात ही भीती नको, तसं होत नाही.

आणि चिठ्ठीवर हेल्पलाइन नंबर छापला की जबाबदारी संपली असं समजू नको. टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६ जरूर दे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलतात. पण कामगाराला नंबर देणं आणि माणूस देणं यात फरक असतो. केईएम, सायन, नायर, तिन्हीकडे सायकियाट्रीची ओपीडी आहे. तुझ्या फील्डला जवळची पकड, तिथे आधीच जाऊन भेट, कुठल्या वारी कुणाकडे पाठवायचं ते लेखी घे आणि ते पत्र प्रपोजलला जोड. कमिटीला हेच हवं असतं. आणि संमतीपत्रात आधीच लिही की जिवाला धोका वाटला तर मी मदत घेईन, तेवढ्यापुरती गुप्तता राहणार नाही. नंतर सांगितलं तर त्याला फसवल्यासारखं वाटतं.

ऑडिटचं पण ऐक. स्कोअर वीस किंवा जास्त आला म्हणजे दारूवर अवलंबून असण्याची शक्यता. अशा माणसाला चुकूनही "काका, आजपासून बंद करा" म्हणू नको. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेततं. त्याला डॉक्टरकडेच पाठवायचं. चांगल्या मनाने दिलेला सल्ला सुद्धा नुकसान करतो, आणि तुझ्या प्रपोजलमध्ये "समुपदेशन केले जाईल" एवढंच लिहिलेलं असलं तर मी कमिटीवर असते तरी परत पाठवलं असतं. कोण करणार, काय शिकलेलं आहे, कुठे करणार?

परळ_टू_पीएचडी:
"समुपदेशन केले जाईल" एवढंच आहे 🙈 ओपीडीचं पत्र घेते. ताई, तुम्हाला मेसेज केला तर चालेल का? आणि मिनिट्सवाले सर, दोन शेवटचे प्रश्न. मुलाखतीला येणाऱ्याला पैसे द्यावेत का, कारण कंत्राटी माणसाचा अर्धा दिवस जातो? आणि हे सगळं बदलल्यावर पुन्हा फुल बोर्डच का?

ओपीडी_नंबर_सात:
चालेल, दुपारी दोननंतर कर, सकाळी ओपीडीत श्वास घ्यायला वेळ नसतो.

मिनिट्स_लिहिणारा:
पैसे द्या. बुडालेली मजुरी आणि येण्याजाण्याचा खर्च भरून देणं योग्यच आहे, न देणं अन्याय. फक्त रक्कम एवढी नको की पैशासाठी तो नको असलेली उत्तरं द्यायला बसेल, आणि मुलाखत अर्ध्यात सोडली तरी पैसे मिळतील असं लिहा. रक्कम किती आणि कशी ठरवली ते प्रपोजलमध्ये टाका. रोख देणार असाल तर युनिव्हर्सिटीचं अकाउंट्स डिपार्टमेंट पावतीवर नाव मागेल, म्हणजे तुम्ही काढलेलं नाव मागच्या दाराने परत येईल. त्यांच्याशी आधीच बोलून कोड नंबरवर व्हाउचर चालेल का ते बघा. यात भलेभले अडकतात.

पुन्हा फुल बोर्ड की नाही ते मूळ निर्णयावर आहे. "मोठे बदल करून पुन्हा सादर" असेल तर बहुधा बोर्डापुढेच येईल, "किरकोळ" असतं तर चेअरपर्सन आणि मी मिळून बघितलं असतं. तुमच्या मेंबर सेक्रेटरीला एक मेल करून विचारा, फोन नको, मेल. पुढच्या मीटिंगच्या अजेंड्याची शेवटची तारीख पण विचारून घ्या, ती हुकली की आख्खा महिना गेला. आणि पाठवताना नुसतं नवीन प्रपोजल पाठवू नका. त्यांचा प्रत्येक प्रश्न, खाली तुमचं उत्तर, आणि बदल कुठल्या पानावर केलाय ते. बदललेलं हायलाइट करा. मंजुरी मिळाल्यावरही प्रश्नावलीत एक प्रश्न वाढवायचा झाला तरी अमेंडमेंट, म्हणजे बदलाचा वेगळा अर्ज, टाकावी लागते, तेव्हा काकांचे हातमोज्याचे प्रश्न आत्ताच घाला.

चर्नीरोड_स्लो:
एवढं सगळं करून डिग्री कधी मिळणार?

शनिवारचा_लेपर्सन:
मिळते रे. परळताई, नवं माहितीपत्रक झालं की इथे टाक, नाव-गाव काढून. आमच्या हिला वाचायला देतो, ती तुझ्या कमिटीपेक्षा कडक आहे.